आपल्या माणसाचे सत्त्याऐंशी पिक्चर

दादा, छापखान्यातून काल तिसऱ्यांदा फोन आला. "मॅडम, प्रूफ बघितलं का? मशीन मोकळं आहे, आज हो म्हणालात तर परवा गठ्ठे घेऊन जा." मी म्हटलं, दोन दिवस थांबा. एकाच कामासाठी कुणाला तीनदा 'थांबा' म्हणायची वेळ माझ्यावर नोकरीच्या सव्वीस वर्षांत आली नव्हती. ती तुझ्यामुळे आली. जाब विचारायला तू नाहीस, म्हणून लिहायला बसले आहे.

तुझा जन्म, गाव, आयटीआय, कंपनी हे सगळं तुझ्याबरोबर काम केलेल्या तानाजीभाऊंनी सोसायटीच्या गेटवर लावलेल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर आलं आहे. फोटो ओळखपत्रावरचा, त्यामुळे तू कुणीतरी पकडून आणल्यासारखा दिसतोस. खाली लिहिलंय: 'मनमिळाऊ, कष्टाळू, स्पष्टवक्ते.' पहिले दोन ठीक. तिसरं कुणी घातलं ते मला शोधून काढायचं आहे. आयुष्यात एक गोष्ट तू मला स्पष्ट सांगितली असतीस, तर आज छापखान्याला थांबवायची पाळी आली नसती.

आपल्या माणसाच्या पिक्चरची यादी छापायची आहे. त्याचं नाव तू कधी घेतलं नाहीस. वडीलधाऱ्यांचं नाव घेऊ नये, तसं. हिंदी सिनेमाचा एवढा मोठा नायक, ज्याच्या पोस्टरपुढे लोक टोपी काढायचे, तो आपल्या घरात फक्त 'आपला माणूस' होता. आईसुद्धा म्हणायची, "तुमच्या त्या माणसाचा पिक्चर लागलाय म्हणे लातूरला." म्हणून मीही इथे नाव लिहीत नाही. यादीच्या मुखपृष्ठावर आहे, तेवढं पुरे.

त्याची कारकीर्द मला तुझ्याकडून पाठ झाली. आधी दोन-तीन पिक्चरमध्ये नायकाचा मित्र. मग एका मोठ्या नटाने ऐनवेळी काम सोडलं आणि ती जागा याला मिळाली. त्यानंतर दहा-अकरा वर्षं त्याच्या नावाशिवाय थिएटरवर पाटी लागत नव्हती. कृष्णधवलमधून रंगीतमध्ये आला तेव्हा लोक म्हणाले, आता याचं वय दिसणार. दिसलं, पण चाललं. मग मारामारी करणारे, मोठ्याने बोलणारे नवे नायक आले आणि पाटीवर याचं नाव पहिल्यावरून तिसऱ्यावर गेलं. मध्ये तीन वर्षं पडद्यावर कुठेच नाही. आणि मग एकदम पांढरे केस करून हजर: न्यायाधीश, कमिशनर, नायिकेचा बाप. "बघ," तू म्हणायचास, "एका शब्दाने बोलला का? कुणाची तक्रार केली का? गपचूप बाजूला झाला अन् बोलावलं तेव्हा आला."

"बोलायला हवं होतं," मी म्हणायचे.

"तुला काय कळतंय."

हे भांडण मी दहावी पास होऊन तुझ्याकडे आले त्या पहिल्या रविवारपासूनचं. कासारवाडीच्या तुझ्या दहा बाय बाराच्या खोलीत तू पडदा बांधून माझ्यासाठी अर्धी खोली केली होतीस, आणि दुसऱ्याच दिवशी तिसरी पाळी करून, न झोपता, मला मॅटिनीला घेऊन गेलास. रडायचं असलं की आपला माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करायचा. सगळं थिएटर त्या पाठीकडे बघून हुंदके द्यायचं. मी तुला विचारलं, "तोंड दिसत नाही तर रडतोय हे कळणार कसं?" पुढच्या रांगेतल्या दोन बायका मागे वळल्या. तू माझा हात दाबून म्हणालास, "कळणाऱ्याला कळतंय." मला ते तेव्हाही पटलं नाही. मी तंत्रनिकेतनात आकडे आणि रेघा शिकले. जे दिसत नाही ते मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याची जबाबदारी कुणी घेत नाही.

खंडेनवमीला कंपनीत सगळे आपापल्या मशीनला हार घालायचे, हळदकुंकू लावायचे. तू तुझ्या लेथला हार घालायचास आणि टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या आपल्या माणसाच्या फोटोलाही एक फूल लावायचास. कुटुंबाला आत बोलवायचा तो एकच दिवस, म्हणून मी दर वर्षी यायचे. तानाजीभाऊंचं मशीन तुझ्या शेजारी. ते हात जोडून म्हणायचे, "देवा, औंदा तरी याला हिरॉईन मिळू दे." तू हसायचास. तुझं लग्न का राहिलं, हे मी कधी विचारलं नाही. आधी माझं शिक्षण होतं, मग माझं लग्न होतं, मग तुझं वय झालं होतं. कारण विचारायला अक्कल लागत नाही, धीर लागतो. तो माझ्यात नव्हता, हे मान्य.

तुझा विभाग बंद झाला, कासारवाडीची खोली पाडली, आणि तू आमच्याकडे पिंपळे सौदागरला आलास. मीच म्हटलं होतं ये. नवरा म्हणून अविनाशनेही तेच म्हटलं होतं. एक बॅग, एक गादी आणि पत्र्याची ट्रंक. ट्रंक गॅलरीच्या कोपऱ्यात राहिली, वर कपडे वाळत घालायचा स्टँड. आत काय आहे ते मला ढोबळ माहीत होतं: मासिकांची कात्रणं, तिकिटांची अर्धुकं, थिएटरबाहेर लावतात ती काही लॉबी कार्डं.

आता ती गोष्ट. सरळ लिहून टाकते.

चाकणला आमच्या कंपनीत मी फाइव्ह-एसची, म्हणजे टापटिपीच्या पद्धतीची, प्रमुख. वर्कशॉपमध्ये वर्षभर जी वस्तू वापरली नाही तिला आम्ही लाल चिठ्ठी लावतो. चिठ्ठीवर वस्तूचं नाव, मालक, तारीख आणि शेवटी दोन चौकोन: गरज आहे, गरज नाही. पंधरा दिवस थांबायचं. मालकाने 'नाही'वर खूण केली की वस्तू भंगारात. पद्धत जपानी असली तरी आमच्या पट्ट्यातल्या निम्म्या घरांत ती शिरली आहे. आमच्याकडे डब्यांना लेबलं आहेत, चपलांना रेघा आखलेल्या आहेत, आणि अविनाश त्याच्या मित्रांना सांगतो की मी झोपेतसुद्धा ऑडिट करते. त्या दिवाळीच्या आधी मी घरात अकरा लाल चिठ्ठ्या लावल्या. मिक्सरचं जुनं भांडं, अविनाशची टेनिस रॅकेट, एक बंद पडलेला हीटर. आणि तुझी ट्रंक. 'मालक: दादा.'

तू चिठ्ठी वाचलीस. कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

"काय करायलीस गं हे? घराची कंपनी केलीस का?"

"जागा नाही दादा. लागणार असेल तर 'आहे'वर खूण कर, आपण माळ्यावर टाकू. सोपं आहे."

"बरं," तू म्हणालास.

पंधराव्या दिवशी बघितलं तर 'नाही'वर खूण. पेन्सिलने नाही, पेनने. खाली तुझी सही, कंपनीत करायचास तशी, पूर्ण नावाची. मी रद्दीवाल्याला बोलावलं. ट्रंक त्याच्या हातगाडीवर चढवायला तू स्वतः एका बाजूने हात लावलास.

रात्री जेवताना अविनाशने विचारलं, "अगं, त्यात दादांची सगळी कात्रणं होती ना?" मी म्हटलं, "त्याने 'नाही'वर खूण केली." मग मी तुझ्याकडे बघितलं. तू भात कालवत होतास. "केली की," म्हणालास, "कशाला लागतंय आता." आणि आमटी मागून घेतलीस.

ती चिठ्ठी माझ्या फाइलमध्ये अजून आहे. तू असताना कितीदा तरी मी मनातल्या मनात ती पुढे केली होती: ही तुझी सही, ही तुझी खूण, मी विचारलं होतं. पण तुझं ते आमटी मागणं माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी मी एक लांबडं रजिस्टर आणलं, रकाने आखले आणि तुला समोर बसवलं. नाव, वर्ष, भूमिका, नायिका, कुठे पाहिला, गोष्ट, पुरावा. "आपल्या माणसाचे सगळे पिक्चर लिहून काढू," मी म्हटलं. "कात्रणं गेली तर गेली, तुझ्या डोक्यात आहे ना सगळं." इंटरनेटवर बघायचं नाही, हा तुझा नियम. तिथे त्याच्या नावावर भलत्याचाच एक पिक्चर घातलाय, ते तू मला पहिल्याच दिवशी दाखवलंस आणि विजयी चेहऱ्याने चष्मा पुसलास.

चार वर्षं. दर रविवारी दहा ते अकरा. पिक्चरचं नाव तुला क्वचितच धड आठवायचं. "तो नाही का, ज्यात तो डाकबंगल्याचा चौकीदार आहे." "तो, ज्यात दोन्ही भाऊ तोच आहे, पण एकाला तीळ आहे." आणि थिएटर मात्र अचूक: कुठली रांग, पंखा चालू होता की बंद, बाहेर कोण भजी तळत होतं. मी म्हणायचे, "दादा, भज्यांचा रकाना नाही." तू म्हणायचास, "मग आख की. एवढी रेघा मारतीस."

सत्तरच्या पुढे गेल्यावर गाडी अडली ती त्या तीन रिकाम्या वर्षांवर. आपल्या माणसाकडे तेव्हा काम नव्हतं, असं माझं म्हणणं. पूर्वी तूही तसंच सांगायचास, पण आता ऐकायला तयार नव्हतास.

"घरी बसला नव्हता तो. बारकी बारकी कामं केली. लागले ते एक-एक आठवडा."

"नाव?"

"नाव ध्यानात न्हाई. गोष्ट सांगतो."

"पुरावा?"

"पुरावा ट्रंकेत होता."

झालं. मान खाली घालून लिहून घ्यायचे. मधूनमधून तू असा एक पिक्चर काढायचास आणि मी पुरावा विचारला की ट्रंक काढायचास. मला राग यायचा. मग वाटायचं, बोलू दे, तेवढा त्याचा हक्क आहे. अशा रीतीने यादी सत्त्याऐंशीवर आली, आणि श्रावणातल्या एका रविवारी तू म्हणालास, "अजून दोन-तीन हायेत, सावकाश." त्याच आठवड्यात गुरुवारी तू गेलास. भाजी आणायला खाली उतरला होतास. त्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही.

तेराव्याला लोक हरिपाठाची नाहीतर स्तोत्रांची पुस्तिका वाटतात. मी ठरवलं, तुझ्या नावाने आपल्या माणसाची यादी वाटायची. चोवीस पानं, वर त्याचा फोटो, मागे तुझा. दुसऱ्याच दिवशी मजकूर टाइपला दिला. काम होतं म्हणून मी उभी होते, हेही खरं.

दहाव्याला चिंचवडला पवनेच्या घाटावर गेलो. विधीला अविनाश बसला. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले, आणि कावळा काही शिवेना. शेजारच्या पिंडावर तीन कावळे, आपल्या पिंडाकडे ढुंकून बघत नाहीत. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मी पुढे झाले. इच्छांची यादी माझ्याकडे तयारच होती. "दादा, तुझं बँकेचं काम करते. गावाकडचा आईचा फोटो आणते. रजिस्टर पूर्ण करते, एक-एक पिक्चर तपासून पूर्ण करते, शब्द देते."

मागून कुणीतरी फुसकन हसलं. तानाजीभाऊ. तोंडावर उपरणं धरलेलं, डोळ्यांतून पाणी.

"ताई," ते म्हणाले, "अगं तू पुरं करते म्हनतीस म्हनून तर येईना त्यो!"

"म्हणजे?"

"त्याला कुठं पुरं करायचं होतं? पुरं न्हाई करत म्हन, बघ लगेच येतोय."

गुरुजींना पुढचे विधी होते, रांगेत अजून चार कुटुंबं उभी होती. कावळा आलाच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि आम्ही पायऱ्या चढून वर आलो. तिथे चहाच्या टपरीवर मी तानाजीभाऊंना धरलं. त्यांना सांगायचं नव्हतं. मग सांगितलं.

"तू ती लाल चिठ्ठी लावली न्हवतीस का, तवा आला हुता माझ्याकडं भोसरीला. म्हनला, तान्या, तुझ्या चाळीत एखादी खोली हाय का मोकळी? म्हनलं, का रं? म्हनला, ताईकडं चिठ्ठी लागलीय. पंधरा दिवसाची मुदत हाय."

"ती ट्रंकेला लावली होती भाऊ!"

"व्हय. मी बी त्येच म्हनलो. तर म्हनला, ट्रंक माझीच की. वरीसभर वापरली न्हाई, मला तरी कुनी वापरलंय का वरीसभर?" तानाजीभाऊंनी कप ठेवला. "हसत म्हनला हां. तुला माहीत हाय त्याचं. मी खोली दावली. धुवून घेतली. एक तारखेला येतो म्हनला. अन् मग आलाच न्हाई. इचारलं तर म्हनला, आता न्हाई जमत. ताईनं रजिस्टर आनलंय, रविवारचं बसावं लागतंय, लई काम हाय."

मी म्हटलं, "चार वर्षं?"

"म्हंजी काय, संपवायचं हुतं का त्याला! मधूनच यायचा न् सांगायचा, तान्या, आज ताईला एक नवा पिक्चर काढून दिला. पाक पहिल्यापासनं शेवटपर्यंत. पुरावा मागितला की म्हनायचं ट्रंकेत हुता, मंग गप बसती न् लिहून घेती. असा हसायचा!"

दादा, त्या टपरीवर मला काय काय वाटलं ते क्रमाने सांगता येणार नाही, आणि क्रमाने सांगता येत नाही असं माझ्या बाबतीत फारसं होत नाही. पण सगळ्यात आधी राग आला. चार वर्षं मी रकाने भरले. एक खोटी नोंद सापडली तर मी चाकणला अख्खा लॉट अडवून ठेवते, आणि माझ्याच घरात, माझ्याच हाताने, तू मला मनाने रचलेले पिक्चर लिहून घ्यायला लावलेस. किती? कोणते? हे सांगायला तू नाहीस. तानाजीभाऊ म्हणतात, चार असतील, दहा असतील. तेराव्याला पुस्तिका वाटली नाही. लोकांनी पेढा घेतला आणि गेले.

मग दुसरा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तोंडाने सांगायला काय झालं होतं? 'मंगल, ही ट्रंक राहू दे.' पाच शब्द. 'मंगल, मी या घरात अडचण आहे का?' तेही फार नाहीत. मी 'नाही' म्हटलं असतं. कदाचित ओरडून म्हटलं असतं. ज्या माणसाने पडदा बांधून मला अर्धी खोली दिली, त्याला मी चिठ्ठी लावीन? तू मला एवढंच ओळखलंस? आणि चिठ्ठी ट्रंकेची होती, तिच्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'वस्तू: ट्रंक.' तू तिथे स्वतःला वाचलंस, त्याला मी काय करू?

हे सगळं मी अविनाशपुढे बोलले. तो शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी एकच बोलतो, हा त्याचा जुना दोष आहे. म्हणाला, "त्याने सांगितलं नाही, खरं. पण एका घरात राहणाऱ्या भावाला तू चिठ्ठी लिहून विचारलंस. समोर बसून का नाही विचारलंस?"

मी म्हटलं, सगळ्यांनाच चिठ्ठी लावली होती. तुझ्या रॅकेटला पण.

"मी रॅकेट काढून कपाटात टाकली," तो म्हणाला. "मला तुझी भीती वाटत नाही."



मग मी कामाला लागले, कारण मला दुसरं काही येत नाही. तुझा नियम मोडला. इंटरनेट उघडलं, पुण्यात एका जुन्या सिनेमांच्या संग्राहकाकडे दोन शनिवार जाऊन बसले. ते गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, आपल्या माणसाचं नाव घेतलं की उभे राहतात. एकेक ओळ ताडून पाहिली. अठ्ठ्याहत्तर पिक्चर खरे निघाले. तुला सांगते, त्यातल्या दोन ठिकाणी तुझी आठवण बरोबर आणि छापील यादी चूक निघाली. संग्राहकांनी आपली वही दुरुस्त केली आणि विचारलं, "हे सांगणारे गृहस्थ कुठे असतात?" मी त्यांना खरं सांगितलं. ते पुन्हा उभे राहिले, या वेळी तुझ्यासाठी.

राहिले नऊ. नऊच्या नऊ त्या तीन रिकाम्या वर्षांतले. आपल्या माणसाने त्या तीन वर्षांत काहीही केलं नव्हतं. संग्राहक म्हणाले, "घरीच होते. कुणी बोलावलं नाही." तुला हे माहीत होतं. तुला सगळ्यात जास्त माहीत होतं. ज्या काळात त्याला कुणी विचारत नव्हतं, त्या काळात तू त्याला नऊ पिक्चरचं काम दिलंस.

ते नऊ मी काल परत वाचले. वाचण्यासारखं फार नाही, कारण 'गोष्ट' हा रकाना मी तीन बोटं रुंद आखला होता. एकात तो टपाल खात्यात आहे आणि बारा वर्षं एकाच पत्त्याचं पत्र घेऊन फिरतो. एकात तो खेड्यातला शिक्षक आहे. एकात तो कारखान्यात मुकादम आहे आणि संपात कुणाच्याच बाजूचा नाही. माझ्या अक्षरात, तुटक, इनव्हॉइससारखं लिहिलेलं. तू ते सांगताना हातवारे करायचास, मध्ये संवाद म्हणायचास, ते काहीच त्यात नाही.

आणि एक त्र्याऐंशी क्रमांकाचा. तो रविवार मला आठवतो, कारण त्या दिवशी मला साडेअकराला हिंजवडीला जायचं होतं आणि मी घड्याळ बघत होते. तू सांगत होतास: आपला माणूस मोठा भाऊ आहे. धाकट्याच्या घरी राहतो. घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, कुणी वाईट बोलत नाही. एक दिवस घराला रंग द्यायचा म्हणून त्याची खाट गॅलरीत काढतात. रंग वाळतो, सगळं सामान परत आत जातं, खाट तशीच राहते. कुणाच्या मनात काही नसतं, राहून गेलेलं असतं. तो काही बोलत नाही. चक्कर मारून येतो म्हणून निघतो आणि एसटी स्टँडवर जाऊन बसतो. गावाची गाडी लागते. तो उठत नाही. ती जाते. दुसरी लागते. तीही जाते. तिसरी लागते तेव्हा तो उठतो आणि दांड्याला हात घालतो.

इथे तू थांबलास. मी मान वर केली नव्हती. मी म्हटलं, "वर्ष?"

"अं?"

"वर्ष सांग दादा, कुठे घालू हा? आणि नायिका कोण?"

"नायिका न्हाई यात," तू म्हणालास. "वर्ष बघू. आठवलं की सांगतो. तू जा, तुला उशीर होईल."

पुढच्या रविवारी तू दुसराच पिक्चर काढलास, टपालवाला. मी त्र्याऐंशीकडे परत गेले नाही. रजिस्टरमध्ये एवढंच आहे: 'भूमिका: मोठा भाऊ. गोष्ट: घर सोडतो. पुरावा: ट्रंक.' पण घर सोडतो, हे मी माझ्या मनाने लिहिलं. तू तसं म्हणाला नव्हतास. तू फक्त दांड्याला हात घातल्याचं सांगितलं होतंस. तो गाडीत चढला, की मागे फिरून घरी आला, की त्याला शोधत कुणी स्टँडवर आलं? तुझ्याकडे पाक शेवटपर्यंतचा पिक्चर तयार होता, असं तानाजीभाऊ म्हणतात. मी फक्त 'मग?' म्हणायला हवं होतं. तुझ्यावर चार आठवडे चिडून झाल्यावर मी इथे येऊन थांबले आहे, आणि इथून पुढे चिडायला माझ्याशिवाय कुणी शिल्लक नाही.

इथपर्यंत काल रात्री लिहिलं. आज सकाळी छापखान्यात जाऊन बसले आणि तिथल्या टेबलावरच प्रूफ पुरं केलं. अठ्ठ्याहत्तर पिक्चर क्रमाने, पुराव्यासह. त्याच्या पुढे वेगळं पान: 'पुढील नऊ पिक्चर दादाने काढले.' छापखानेवाला म्हणाला, "मॅडम, हे निर्माते होते का?" मी हो म्हटलं.

आमच्या कंपनीत नोंद चुकली की खोडायची नाही, पुढे दुरुस्ती लिहायची आणि शेवटच्या रकान्यात जबाबदार कोण ते लिहायचं. तिथे विभागाचं नाव चालत नाही, माणसाचं लागतं. त्र्याऐंशीपुढचं 'घर सोडतो' मी तसंच ठेवलं आणि त्याखाली लिहिलं: 'शेवट विचारायचा राहिला. जबाबदार: मंगल.' मग तारीख घातली, पूर्ण नावाची सही केली आणि छापखानेवाल्याला म्हटलं, आता छापा.